साक्षीचा धोंडा

निवळकोंड हे गाव सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कड्याच्या अगदी पायथ्याशी वसले आहे. शेवटचे घर मागे टाकून अर्धा तास चढून गेले की झाडी एकाएकी संपते आणि काळ्या, उघड्या कातळाचे एक प्रशस्त मैदान लागते. त्याच्या पूर्वेला सरळसोट कडा उभा आहे. कड्याच्या कपारींतून चुना ओतावा तसे पांढरे ओघळ उतरलेले दिसतात. ते गिधाडांच्या वसतीचे ओघळ. कातळाच्या मध्यभागी कमरेइतक्या उंचीचा एक धोंडा आहे. त्याला शेंदूर नाही, फूल नाही, दिवा नाही. लांबून पाहणाऱ्याला तो वाटेतला एखादा दगड वाटावा. जवळ गेल्यावर मात्र त्याच्या माथ्यावर एक खळगा दिसतो, उजव्या हाताचा पंजा नेमका मावेल एवढा आणि आतून गुळगुळीत.

याला साक्षीचा धोंडा म्हणतात. गावात गाय, बैल किंवा म्हैस मेली की तिच्या धन्याने ती स्वतः या कातळावर आणायची, अशी इथली रीत आहे. पूर्वी सगळी वाट दोरखंडाने ओढत आणीत. आता झाडी संपते तिथवर टेम्पो येतो, पण तिथून पुढचा दोर धन्याच्याच हाती असावा लागतो. मदतीला चार माणसे चालतात, धन्यावाचून चालत नाही. मग त्याने पंजा खळग्यात ठेवून, कड्याकडे तोंड करून, मोठ्याने साक्ष द्यायची: जनावर कुणाचे, किती वर्षांचे, कशाने मेले, आणि मरण्यापूर्वी त्याच्या पोटात काय काय गेले. पोटात औषध किंवा विष गेले असेल, किंवा काय गेले हे ठाऊकच नसेल, तर जनावर कातळावर ठेवता येत नाही. ते पुन्हा खाली नेऊन, पुरुषभर खड्डा खणून, मीठ-चुना घालून पुरावे लागते. साक्ष पुरी झाली तर धनी शेवटी म्हणतो, "घास निर्मळ हाय. उतरा हो." आणि पहिले पाखरू उतरून चोच लावीपर्यंत तो तिथेच उपाशी बसून राहतो.

या रीतीमागची कथा ज्यांच्याकडून ऐकावी असे गावातच सांगतात, ते रघुनाथ गमरे आता पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. वनखात्यात रखवालदार म्हणून त्यांनी आयुष्य काढले. गाव त्यांना रघूतात्या म्हणते. त्यांचे घर खालच्या वाडीत. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्या वस्तीवर पूर्वी जातीने लादले होते, ती ही वाडी. आसपासच्या गावांत ते काम पुढे कित्येक पिढ्या सुटले नाही. निवळकोंडात मात्र ते फार आधी धन्यांच्या खांद्यावर गेले, आणि कसे गेले तेच ही कथा सांगते. माघातल्या एका सकाळी आम्ही तिघे पाहुणे तात्यांबरोबर कातळावर गेलो, तेव्हा बाबल खोतही सोबत होते. वरच्या वाडीतल्या जुन्या खोत घराण्याचे हे आजचे कर्ते पुरुष. वयाने तात्यांच्या मुलासारखे.

"तात्या, गोष्टीतल्या आमच्या खोताला जरा सांभाळून घे," धोंड्याशी पोचताच बाबल खोत म्हणाले. "पाव्हणे लिवून घेतायत."

"तुझा खोत वाईट नव्हता रं," तात्या म्हणाले. "अर्धा व्हता."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

ही हकीगत घाटात पायवाटसुद्धा धड नव्हती त्या काळातली, असे सांगतात. तेव्हा गावावर दादजी खोताचा अंमल होता. खोत कष्टाळू होता, देवाधर्माचा होता. वाघबारशीला वेशीवरच्या वाघोबाला पहिला नारळ त्याचा असे. त्याच्या गोठ्यात हरण्या आणि पवळ्या नावाची बैलजोडी होती. एकाच जत्रेतून आणलेली, एकाच दिवशी जुवाखाली घातलेली. पाच गावांत तिच्या तोडीची जोडी नव्हती म्हणे. हरण्या कधी पवळ्यावाचून पाण्यावर गेला नाही आणि पवळ्याने हरण्याआधी कधी गवताला तोंड लावले नाही.

त्या वर्षीच्या फाल्गुनात वेशीबाहेरच्या शेतात वाघाने हरण्याला मारले. एक फरा खाल्ला आणि उरलेले धूड तसेच टाकून तो रानात गेला. वाघ आपल्या शिकारीवर परत येतो हे डोंगरातल्या माणसाला सांगावे लागत नाही. खोत बैलाजवळ बराच वेळ बसून राहिला. मग उठला, घरी गेला, आणि ज्या हातांनी वाघोबापुढे नारळ फोडला होता त्याच हातांनी त्याने काजऱ्याच्या बियांचे विष कालवले. दिवस मावळण्याआधी ते हरण्याच्या मांसात भरले. हे त्याने बायकोला सांगितले नाही, भावाला सांगितले नाही. वाघोबाचा मानकरी वाघाला विष घालतो हे गावाला कळले असते, तर वाघबारशीचा नारळ दुसऱ्याच्या हाती गेला असता.

वाघ आला नाही. सकाळ झाली तेव्हा बैल होता तसाच पडून होता आणि गाव त्याच्याभोवती हळहळत उभे होते. रिवाजाप्रमाणे खालच्या वाडीला हाक गेली होती. हाकेसरशी जी माणसे आली त्यांत येसू होती. येसू विधवा होती. तिला चिमा नावाची तीन वर्षांची पोर होती. आदल्या पावसाळ्यात पुराने खालच्या वाडीची भातखाचरे वाहून नेली होती, नाचणी माघातच संपली होती, आणि महिनाभर वाडी रानातले कंद उकडून दिवस काढीत होती. मेलेल्या जनावराचे मांस हाच तेव्हा त्या वाडीच्या वाट्याला टाकलेला घास होता. हे सांगताना तात्यांनी आवाज चढवला नाही की उतरवलाही नाही. "व्हतं ते असं व्हतं," एवढेच म्हणाले.

येसूने रिवाजाप्रमाणे विचारले, "धनी, जनावर कशानं मेलं?" हा प्रश्न खालची वाडी नेहमी विचारी, कारण रोगाने मेलेल्या जनावराचे मांस घरी नेत नसत, ते पाखरांसाठी कातळावर तसेच सोडीत.

"वाघानं," खोत म्हणाला.

"आणि काय?"

"आणि काय असणार? गळ्याची भोकं दिसत नाहीत तुला?"

जमलेल्यांत हसू उमटले. कुणीतरी म्हणाले, "येसू आता वाघालाच बोलवून इचारणार, किती दात लावलेस म्हणून!" खोत हसला नाही. पण बोललाही नाही. बोलण्यासाठी त्याला एक श्वास पुरला असता, असे तात्या म्हणाले. तो श्वास त्याने गिळला. त्याचे उत्तर खोटे नव्हते. बैल वाघानेच मारला होता.

वाडीने हरण्याला ओढून कातळावर आणले. कातळावरचा क्रम त्या काळी ठरलेला होता असे सांगतात. माणसे आपले काम उरकीत, कातडे आणि लागेल ते घेत, तोवर गिधाडे कड्यावर पंख मिटून वाट पाहत. माणसे मागे सरली की ती उतरत. कुणी कुणाच्या वाट्यात जात नसे. त्या दिवशी सुऱ्या म्यानाबाहेर निघतात न निघतात तोच कड्यावरून एक थोराड गिधाड सुटले आणि थेट हरण्यावर येऊन बसले. त्याने दोन्ही पंख पसरून धूड झाकले. माणसांनी आरडाओरडा केला, दगड मारले, काठ्या उगारल्या. ते हलले नाही. त्याच्यामागून दुसरे आले, मग दहा आले, मग आभाळ काळे झाले. माणसे मागे हटली. आपल्या लेकरांच्या तोंडचा घास पाखरे नेत आहेत हे वाडी उघड्या डोळ्यांनी पाहत होती आणि शिव्या देत होती. चिमा रडत होती. येसूने म्हणे मूठभर माती उचलून पाखरांवर फेकली आणि म्हटले, "तुमचा निर्वंश होवो!"

मध्यान्ह टळली तेव्हा पहिले गिधाड कोलमडले. उडायला पंख उघडले आणि उघडलेल्या पंखांनिशीच ते कातळावर आपटले. मग दुसरे. जी उडाली होती ती कड्याशी पोचण्याआधीच आभाळातून धोंड्यांसारखी खाली आली. उन्हे कलेपर्यंत कातळ पाखरांनी भरला होता आणि कडा ओस पडला होता. वाडीची माणसे हातात सुऱ्या तशाच धरून उभी होती. आपल्या पोरांच्या पोटात काय जाणार होते ते प्रत्येकाला समजले होते.

येसूने ते थोराड गिधाड उचलले. सगळ्यांत आधी उतरलेले. ते तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हते; पंख जमिनीवर घासत होते. तशीच ती वरच्या वाडीत गेली, जिथे तिला पाऊल ठेवायची मुभा नव्हती, आणि खोताच्या ओटीवर तिने ते ठेवले.

"धनी, हरण्याला वाघानं मारलं," ती म्हणाली. "मग याला कुणी मारलं?"

खोत ओटीवरून उठून आत गेला आणि त्याने दार लावून घेतले.

इथे तात्या थांबले. खोतांकडे पाहून म्हणाले, "बाबल, बरोबर ना?"

"दार लावल्याचं आमच्यात पण सांगतात," बाबल खोत म्हणाले. "पाहुण्यांसमोर नाय सांगत एवढंच."

पुढे जे झाले ते कथेत थोडक्यात येते. कडा ओस पडल्यावर मेलेली जनावरे रानात कुजू लागली. भटक्या कुत्र्यांच्या झुंडी माजल्या, माशांनी गाव भरले, वरच्या वाडीच्या झऱ्याला वास येऊ लागला, आणि माणसे अंथरुणाला खिळली. वरची वाडी म्हणाली, वाघोबा कोपला. खालची वाडी म्हणाली, कोप कुणाचाच नाही. झाडणारी माणसे गेली की अंगण घाण होते, तसे आहे.

पण कडा पुरता ओस नव्हता. एका कपारीत एक गिधाड मागे राहिले होते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि जोडीतले एक पाखरू पिलापाशी थांबते. हे जे थांबले होते तेवढे वाचले. त्याचा जोडीदार कातळावर मरून पडला होता. आता ते एकटे पिलाला राखीत होते. पिलू दिवसभर ओरडे. त्याचा आवाज कातळावर ऐकू येई. मोठे पाखरू मात्र उतरत नसे. कातळावर काय पडले होते ते त्याने वरून पाहिले होते.

येसूने त्या कड्याखाली उभे राहून बोल दिला: "माझं लेकरू तुम्ही वाचवलंत. तुमचं लेकरू मी जगवीन. मी शाप दिला तो माझ्याच तोंडानं मागं घेते." दुसऱ्या दिवसापासून ती कातळावर जाऊ लागली. ओढ्यातली मासळी ठेवली, मेलेली कोंबडी ठेवली, रानात मरून पडलेले हरणाचे पाडस ठेवले. पाखराने मान वळवूनसुद्धा पाहिले नाही. पिलाचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला.

इकडे खोताच्या गोठ्यात पवळ्याने गवत सोडले. वैरण पुढे टाकली तर तो हरण्याच्या रिकाम्या दावणीकडे पाही. नवव्या दिवशी तो मेला. घरच्यांनी म्हटले, गुपचूप परसात पुरू. खोत म्हणाला, नको. त्याने दोर आणला, पवळ्याच्या शिंगांना बांधला आणि दुसरे टोक आपल्या खांद्यावर घेतले. वरच्या वाडीतला कोणताही पुरुष मेलेल्या जनावराला दोर लावीत नसे. लोक दारादारांत येऊन उभे राहिले. एक जण ओरडला, "खोत, जात सोडलीत काय?"

"आजवर जातच धरली होती," खोत म्हणाला. "आज लाज धरली."

तो एकटाच चढला. वाटेत तीनदा पडला म्हणे. कातळावर पोचला तेव्हा येसू तिथे होती आणि त्याच्यामागून दोन्ही वाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. खोताने धोंड्यावर हात टेकला, कारण त्याला उभे राहवत नव्हते, आणि कड्याकडे पाहून तो म्हणाला, "हा माझा पवळ्या. बारा वर्षांचा. नऊ दिवस उपाशी होता. जोडीदारामागं गेला."

पाखरू हलले नाही.

मग येसू म्हणाली, "धनी, पवळ्याचं सांगितलंत. हरण्याचं राहिलं."

खोताची मान खाली गेली. दोन्ही वाड्यांदेखत, वाघोबाच्या भगतादेखत, त्याने सांगितले. विष कुणी कालवले, कशात भरले, येसूने विचारले तेव्हा आपल्याला काय ठाऊक होते आणि आपण काय बोललो. काहीच गाळले नाही. जमावातून कुणीतरी विचारले, "मग त्या सकाळी बोलला का नाहीत?" खोत म्हणाला, "बोललो असतो तर लहान झालो असतो. तेवढ्यासाठी."

तो हे सांगत असताना त्याच्या पंजाखालचा काळा धोंडा मेणासारखा दबत गेला, असे सांगतात. तोच हा खळगा.

साक्ष संपल्यावर खोत म्हणाला, "ह्या घासात काही नाही. घास निर्मळ आहे. उतरा हो." आणि तो तिथेच बसला. पाखरू उतरेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही म्हणाला. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना कपारीतून पाखरू सुटले. त्याने कातळावर तीन घिरट्या घातल्या, चौथीला ते उतरले. खोतापासून चार पावलांवर. त्याने पवळ्याला चोच लावली, गळा भरून घेतला आणि ते परत वर गेले. थोड्या वेळाने पिलाचा आवाज थांबला. उपाशी पिलू दोनच कारणांनी थांबते, तात्या म्हणाले. म्हणून येसू श्वास रोखून उभी राहिली. मग पिलू पुन्हा ओरडले, जाड, भरल्या गळ्याने. तेव्हा ती कातळावर बसली आणि रडली.

खोताचे ओठ फुटले होते. येसूने मडक्यातले पाणी ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे धरले. खोत ते प्यायला.

"हे मात्र वरच्या वाडीत ऐकायला मिळणार नाय," तात्या म्हणाले.

"सांगत नाय आम्ही," बाबल खोत शांतपणे म्हणाले. "पण ठाऊक सगळ्यांना असतं."

"म्हंजे अजून अर्धंच सांगता."

"आता पुरं झालं ना? लिवलं पाव्हण्यांनी."

कथा आधी की रीत आधी, हे सांगणे कठीण आहे. वरच्या वाडीतल्या पाठात खोताचे उपोषण केंद्रस्थानी आहे, खालच्या वाडीत येसूचा बोल. एकात अपराधी तपस्वी होतो, दुसऱ्यात ऋणको ऋण फेडते. दोन्ही पाठांत समान आहे ती एकच गोष्ट. धोंडा देव होत नाही. त्याला नवस चालत नाही, कोंबडे चालत नाही, गुळाचा खडासुद्धा चालत नाही. लोककथेत अपराधाचे परिमार्जन बहुधा बळीने किंवा दानाने होते. इथे ते उच्चाराने होते, आणि तोही पुरा असावा लागतो. खोताचे पहिले उत्तर खरे होते, हे कथा विसरू देत नाही. माणसे मारायला त्या अर्ध्या सत्याने कमी केले नव्हते.

या रीतीचा कस अगदी अलीकडे लागला. काही दशकांपूर्वी गुरांच्या सुजेवर आणि वेदनेवर एक स्वस्त, गुणकारी इंजेक्शन गावोगाव पोचले. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण शास्त्रज्ञांच्या हाती लागेपर्यंत देशातली बहुतेक गिधाडे नाहीशी झाली होती. पुढे ते औषध गुरांसाठी बंद झाले. गेलेली पाखरे मात्र वर्षाला एका अंड्याच्या वेगानेच परत येऊ शकतात. रखवालदार असताना तात्यांनी आसपासचे कडे एकामागून एक ओस पडताना पाहिले. निवळकोंडातही कुणाला त्या औषधाचा हा दोष ठाऊक नव्हता. त्यांना एवढेच ठाऊक होते की ज्याच्या पोटात औषध गेले तो घास निर्मळ नव्हे. म्हणून ते खड्डे खणत राहिले. आता पाखरांना निर्धोक ठरलेले औषध तेवढे चालते, तेही कोणते ते ठाऊक असेल तरच. या कड्यावर आज ज्या थोड्या जोड्या उरल्या आहेत, त्या त्या खड्ड्यांमुळे, असे तात्या म्हणतात. आणि ते नाकारण्याजोगे काही मला दिसत नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात झाडीच्या टोकाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला. विमल पाष्टे आपली मेलेली म्हैस घेऊन आल्या होत्या. चाळिशीच्या, पदर खोचलेल्या. मागे शेजारचे तीन पुरुष. बाबल खोत पुढे धावले.

"वैनी, द्या दोर इकडं. तुम्ही नुसता हात लावा."

"नुसता हात लावायला हे काय लग्नातलं हळदीचं जातं हाय?" विमलताई म्हणाल्या. "धरायचा तर मागनं धरा."

म्हैस कातळावर आली. कड्यावर हालचाल झाली. एक, दोन, मग पाच पाखरे काठावर येऊन बसली. वरच्या एका कपारीत करड्या पिसांचे पिलू मान ताणून पाहत होते. विमलताईंनी कपाळाचा घाम पुसला, पंजा खळग्यात ठेवला आणि कड्याकडे तोंड केले.

"मी विमल पाष्टे. ही माझी म्हस. अकरा वर्सांची. गेल्या सोमवारी अंग टाकलं. पेंड खाल्ली नाय. परवा तांदळाची पेज घेतली. काल डाक्टर आलेला. दोन सुया मारल्या."

त्या थांबल्या.

"कसल्या?" तात्यांनी विचारले.

"एक तापाची, चालते ती. बाटली दाखवली मला त्यानं. दुसरी..." त्यांनी वर पाहिले. "दुसरी कसली ते इचारायचं राह्यलं. म्हस धरून व्हते मी."

बाबल खोतांनी फोन काढून डॉक्टरांचा नंबर लावला. कातळावर आवाज पोचत नव्हता. आमच्यातल्या एकाने हलकेच म्हटले की वाईट औषध आता बंद आहे, दुसरी सुई निर्धोकच असेल.

"असंल," तात्या म्हणाले. "पण 'असंल' म्हंजे साक्ष नव्हं."

खाली उतरायचे म्हणजे ते धूड पुन्हा झाडीपर्यंत ओढायचे, मग भरडाच्या मुरमाड शेतात पुरुषभर खणायचे. माघातली जमीन दगडासारखी. आणि वर पाखरे उपाशी बसलेली. कोणता शब्द उच्चारला तर हे सगळे टळेल ते विमलताईंना ठाऊक होते. तिथल्या सगळ्यांनाच ठाऊक होते.

त्यांनी खळग्यातून पंजा उचलला.

"आज नाय रं बाळांनो," त्या कड्याकडे पाहून म्हणाल्या. "आजचा घास मला ठाऊक नाय."

आणि त्यांनी दोर पुन्हा खांद्यावर घेतला. या वेळी बाबल खोतांनी तो मागून धरला, मग तात्यांनी, मग आम्ही. खड्डा व्हायला दिवस कलला. मीठ-चुना पसरताना विमलताई स्वतःशीच म्हणत होत्या, "पुढल्या खेपेला सुईच्या आधी इचारीन. बाटलीच मागून घेईन." वर पाखरे एकेक करून उठली आणि दुसऱ्या कुठल्या घासाच्या शोधात दक्षिणेकडे गेली. एक मात्र पिलापाशी थांबले.

आजही निवळकोंडच्या कातळावर साक्ष दिली जाते. त्या धोंड्यावरचा खळगा पिढ्यान्‌पिढ्या झिजत आला आहे. "उतरा हो" म्हणणाऱ्या हातांनी तो जितका झिजला, तितकाच "आज नाही" म्हणून उचललेल्या हातांनीही.